‘मुळं नसेच्या जवळ आहेत’ म्हणजे नेमकं काय? अक्कलदाढ काढण्याआधी फिल्म कशी वाचायची

अडकलेल्या अक्कलदाढेच्या फिल्मच्या, म्हणजे एक्स-रेच्या, रिपोर्टवर एक वाक्य हमखास असतं: ‘मुळं नसेच्या जवळ आहेत’. ते वाचून पेशंट घाबरतो, आणि दाढ काढणाऱ्या डॉक्टरच्या हाती मात्र काहीच लागत नाही. जवळ म्हणजे किती? कुठल्या बाजूनं? मध्ये हाडाची भिंत आहे की मूळ थेट नसेला टेकलंय? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळवण्यासाठीच फिल्म काढायची असते. ती मिळाली नाहीत तर फिल्म काढूनही तपासणी अर्धीच राहिली, असं मी मानतो.

हे मी मुख्यतः नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या दातांच्या डॉक्टरांसाठी लिहितोय. पण स्वतःची फिल्म हातात घेऊन बसलेल्या कुणालाही ते समजावं, अशी माझी धडपड आहे.

आधी नसेविषयी, म्हणजे संवेदना नेणाऱ्या नर्व्हविषयी, थोडं. खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक कॅनल, म्हणजे बोगद्यासारखी पोकळ नळी असते, आणि त्यातून नस आणि तिच्यासोबतच्या रक्तवाहिन्या जातात. जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या बाजूनं, नस हाडात शिरते. तिथून दाढांच्या मुळांखालून पुढे येते, आणि उपदाढांजवळच्या छिद्रातून तिची एक फांदी बाहेर पडून खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाते. तिला धक्का बसला तर तोंड वाकडं होत नाही, कारण ओठ हलवणारी नस वेगळी आहे. जाते ती संवेदना. ओठाच्या कडेवरून पाणी ओघळलं तरी कळत नाही, दाढी करताना कापलं तरी कळत नाही, कधी नुसत्या मुंग्या येत राहतात. बहुतेकांमध्ये हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. कायमचा बधिरपणा शंभरात एकापेक्षाही कमी जणांना येतो. पण मुळं कॅनलला भिडलेली असतील तर हा धोका बराच वाढतो. असे पेशंट आधीच ओळखून वेगळे काढायचे, ही आपली जबाबदारी.

फिल्मच्या आधी

पहिला प्रश्न नसेचा नाहीच. ही दाढ काढायची गरज आहे का, हा पहिला प्रश्न. वारंवार हिरडी सुजते, दाढ किडली आहे, तिच्यामुळे शेजारची दुसरी दाढ किडतेय किंवा तिच्या मागचं हाड झिजतंय, दाढेभोवती गाठ दिसतेय, अशी काही कारणं हवीत. पूर्ण हाडात बसलेल्या, काहीही त्रास न देणाऱ्या दाढेला निव्वळ ‘आहे म्हणून’ हात लावू नये. काढायचीच नसेल तर नसेची सखोल तपासणीही नको, कारण प्रत्येक एक्स-रेचा थोडा का होईना, डोस पेशंटला मिळतोच.

आणि फिल्म मागवण्याआधी तोंडात बघा. दाढेचा किती भाग दिसतो, तोंड किती उघडतं, पू आहे का. ओठ आणि हनुवटीची संवेदना आत्ता कशी आहे, हेही कापसाच्या टोकानं तपासून लिहून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पुढे काही झालंच तर तुलना करायला ही एकच नोंद हातात असते.

ओपीजी: काढतानाच नीट काढा

सुरुवात ओपीजीनं, म्हणजे दोन्ही जबड्यांच्या सलग एक्स-रेनं करायची. दोन्ही जबडे, दोन्ही बाजूंच्या अक्कलदाढा आणि कॅनलचा सगळा मार्ग एका फिल्मवर दिसतो, आणि डोसही कमी असतो, साधारण १० ते ३० मायक्रोसिव्हर्ट. तुलनेसाठी सांगायचं तर निसर्गातून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे २,४०० मायक्रोसिव्हर्ट इतका डोस मिळतच असतो.

ओपीजी बिघडतो तो बहुतेक वेळा पेशंट नीट उभा न केल्यामुळे. कानातलं, नाकातलं, गळ्यातलं, केसांच्या पिना आणि निघणारी कवळी काढून ठेवायला सांगा. कानातल्याची सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते आणि नेमकी नको तिथे येऊन बसू शकते. मान ताठ, पुढचे दात ठोकळ्याच्या खाचेत, आणि जीभ टाळूला चिकटवून ठेवलेली. जीभ खाली राहिली तर टाळूखालच्या हवेचा काळा पट्टा फिल्मवर येतो आणि त्या पट्ट्यात झाकलेलं बारीक काही दिसेनासं होतं.

फिल्म हातात आली की लगेच दाढेकडे झेप घेऊ नका. दोन्ही बाजूंच्या दाढा सारख्याच रुंदीच्या दिसतात का, ते आधी बघा. एका बाजूच्या मोठ्या आणि दुसरीकडच्या लहान दिसत असतील तर डोकं वळलेलं होतं. ओपीजीत सगळं मुळात २०–३० टक्क्यांनी मोठं दिसतं आणि हे प्रमाण जागोजागी बदलतं. म्हणून त्यावर पट्टी ठेवून ‘नस दोन मिलिमीटरवर आहे’ असं कधीही लिहू नये.

आधी दाढ, मग कॅनल, मग दोन्हींची गाठ

वाचण्याचा हा क्रम मी मोडत नाही. नसेवर आधी नजर गेली की दाढेचं बाकी सगळं सुटतं.

दाढ कशी झुकलीय ते बघा: पुढे, मागे, उभी की आडवी. विंटर यांची १९२६ ची ही विभागणी आजही तशीच वापरली जाते. किती खोल आहे आणि जबड्याच्या उभ्या भागात किती शिरलीय, हे पेल आणि ग्रेगरी यांच्या १९३३ च्या पद्धतीनं नोंदवा. मुळं किती, सरळ की आकड्यासारखी वळलेली, पूर्ण तयार झालीत का, तेही लिहा. मुळं एक तृतीयांश ते दोन तृतीयांश तयार असतानाच दाढ काढली तर टोकं कॅनलपासून सहसा लांब असतात. म्हणून तरुण पेशंटमध्ये काढायचं पक्कंच असेल तर उगाच वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

आता कॅनल. तो दाढेजवळ शोधू नका, कारण तिथेच तो सगळ्यात गोंधळाचा असतो. पुढच्या छिद्रापासून मागे या, मग जबड्याच्या उभ्या भागातून खाली या, आणि दोन्हीकडून दाढेपर्यंत पोहोचा. कॅनलच्या दोन कडा म्हणजे दोन बारीक पांढऱ्या रेघा, वरची आणि खालची. स्क्रीनवर फिल्म मोठी करून माऊसनं त्या रेघांवर रेघ ओढत न्या. सुरुवातीची काही वर्षं मी ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं हे करायचो. कुठे हात अडखळला ते लगेच कळायचं, आणि जिथे हात अडखळतो तिथेच बहुधा उत्तर असतं.

मग दोन्हींची गाठ. रूड आणि शेहाब यांनी १९९० मध्ये फिल्मवरच्या सात खुणा मांडल्या. चार मुळावरच्या: मूळ काळवंडणं, मूळ वळणं, मूळ अरुंद होणं, आणि टोक काळं व दुभंगलेलं दिसणं. तीन कॅनलवरच्या: पांढरी रेघ तुटणं, कॅनलनं अचानक वळण घेणं, कॅनल अरुंद होणं. यातल्या तिघींचा नसेच्या इजेशी पक्का संबंध त्यांना आढळला: मूळ काळवंडणं, पांढरी रेघ तुटणं आणि कॅनल वळणं. याच तिघींवर मी जास्त वेळ देतो.

काळवंडणं म्हणजे काय, ते बारकाईनं समजून घ्या. कॅनल नुसता मुळाच्या पुढून किंवा मागून जात असेल तर मुळाची घनता तशीच राहते. त्यावरून कॅनलच्या दोन रेघा अखंड जाताना दिसतात, काचेमागून रस्ता दिसावा तशा. ही नुसती सावलीवर सावली. पण कॅनल जिथे मुळाला ओलांडतो तिथे मुळावर काळा पट्टा उमटला आणि त्याच पट्ट्यात पांढरी रेघ नाहीशी झाली, तर तिथे काहीतरी खरंच कमी झालंय: मुळात खाच पडलीय, किंवा कॅनलची भिंत गेलीय. कधीकधी असाच काळेपणा वेगळ्याच कारणानं येतो. जिभेकडची हाडाची भिंत मुळाच्या दबावानं पातळ झालेली असते आणि नसेशी त्याचा संबंध नसतो. हा फरक ओपीजी सांगू शकत नाही. म्हणून एकटं काळवंडणं दिसलं तर थांबा. काळवंडणं आणि तुटलेली रेघ दोन्ही दिसली तर पुढची तपासणी करायचीच.

आणखी एक बारकावा. ओपीजीच्या मशीनमध्ये किरण किंचित खालून वर येतात, त्यामुळे जिभेच्या बाजूला असलेली गोष्ट फिल्मवर जरा वर सरकलेली दिसते. कॅनल मुळांवर खूप वरपर्यंत चढलेला दिसला तर तो जिभेकडे असण्याची शंका मनात ठेवा. शंकाच, पुरावा नव्हे.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण तीच चूक आजही रोज होताना दिसते. एका पेशंटनं ओपीजी व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे मागून उजेड देणाऱ्या पेटीवर लावून मोबाईलनं काढलेला फोटो मला पाठवला होता. घाईत मी त्यावरच निर्णय घेतला. खालच्या उजव्या अक्कलदाढेचं, म्हणजे ४८ नंबरचं, मूळ कॅनलवर नुसतं पडल्यासारखं दिसलं. दाढ काढली, आणि दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणाला, ‘डॉक्टर, ओठ अजून भुलीतच आहे.’ मूळ फिल्म मागवून पाहिली तेव्हा वरची पांढरी रेघ बरोबर मुळाच्या रुंदीइतकी तुटलेली होती. फोटोच्या धुरकटपणात ती बुजली होती. चार महिन्यांनी ओठाची संवेदना परत आली. त्या चार महिन्यांत दर भेटीला कापसाचं टोक त्या ओठावर फिरवताना मला काय वाटायचं, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून नियम एकच: फोटोवर, प्रिंटवर, दाबून छोट्या केलेल्या फाईलवर निर्णय नाही. मूळ डिजिटल फाईलच हवी.

सीबीसीटी नसेल तर

सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन. तो सगळीकडे हाताशी नसतो. तेव्हा साध्या छोट्या एक्स-रेनंही बाजू ओळखता येते. क्लार्क यांनी १९१० मध्ये सांगितलेलं तत्त्व इथे उभ्या दिशेनं वापरायचं, कारण कॅनल आडवा जातो. एक फिल्म नेहमीसारखी काढा. दुसऱ्या वेळी फिल्मची जागा तीच ठेवून एक्स-रेची नळी सुमारे २० अंशांनी खालून वर रोखा. जिभेकडची वस्तू नळीच्याच दिशेनं सरकते आणि गालाकडची उलट. नळी खाली नेल्यावर मुळाच्या तुलनेत कॅनल खाली गेला तर तो जिभेकडे आहे, वर गेला तर गालाकडे, आणि हललाच नाही तर मुळाला अगदी लागून. अडचणी दोन. इतक्या मागे फिल्म ठेवली की काही पेशंटना उमासे येतात, आणि खोल दाढेची टोकं फिल्मवर येतच नाहीत.

सीबीसीटी कधी, आणि कसा मागवायचा

ओपीजीवर कॅनल आणि मुळं एकमेकांपासून स्पष्ट दूर असतील तर सीबीसीटीची गरज नाही. हे ठामपणे लिहितोय, कारण ‘एकदा थ्रीडी काढून टाकू’ असं सर्रास म्हटलं जातं. छोट्या भागाच्या सीबीसीटीचा डोसही बऱ्याचदा ओपीजीच्या काही पट असतो, आणि मशीन व सेटिंगनुसार त्यात मोठा फरक पडतो. शिवाय सरसकट सगळ्यांचा सीबीसीटी काढल्यानं नसेच्या इजा कमी होतात, असं चाचण्यांतून दिसलेलं नाही. तो कामाचा ठरतो जिथे त्यावरून निर्णय बदलणार आहे तिथे: ओपीजीवर धोक्याची खूण आहे, दाढ काढणं भाग आहे, आणि पूर्ण काढायची की मुळं ठेवायची हे ठरवायचंय.

मागणीचा कागद नीट भरा. नुसतं ‘सीबीसीटी खालचा जबडा’ लिहिलं तर अख्ख्या जबड्याचा स्कॅन होऊन येतो. मी असं लिहितो: दाढ ४८, त्या बाजूचंच छोटं फील्ड, साधारण ५ × ५ सेंटिमीटर, व्हॉक्सेल (थ्रीडी चित्राचा सगळ्यात छोटा ठोकळा) ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. प्रश्न: कॅनल मुळांच्या कुठल्या बाजूला, मध्ये हाड आहे का, संपर्क किती लांबीचा, जिभेकडची भिंत शाबूत आहे का. प्रश्न नेमका लिहिला तर रिपोर्टही नेमका येतो. गर्भवती पेशंट असेल तर ते आधी विचारा, आणि आणीबाणी नसेल तर दाढ आणि स्कॅन दोन्ही पुढे ढकला.

सीबीसीटीची फाईल उघडल्यावर

रिपोर्ट वाचून थांबू नका, स्लाइस स्वतः बघा. फाईल उघडताच पेशंट हलला होता का ते तपासा. कडा दुहेरी दिसत असतील तर बारीक भिंतीविषयी काहीही बोलता येत नाही. शेजारच्या दाढेला धातूची कॅप असेल तर तिच्यातून निघणारे काळे-पांढरे फटकारेही ध्यानात ठेवा.

आधी आडव्या स्लाइसमधून वरून खाली या. दाढेचं डोकं, मुळं जिथे फुटतात ती जागा, टोकं, आणि मग कॅनल. मुळं किती आहेत हे इथेच पक्कं कळतं, आणि ओपीजीवर न दिसलेलं तिसरं बारीक मूळ अनेकदा इथेच सापडतं. मग सॉफ्टवेअरमध्ये कॅनल पुढून मागे रंगवून घ्या, आणि जबड्याच्या वळणाला काटकोनात, दर मिलिमीटरला एक, असे उभे छेद काढा. खरं उत्तर या छेदांत असतं.

दर छेदात एकच गोष्ट शोधा, म्हणजे नजर भरकटत नाही. पहिल्या फेरीत बाजू: कॅनल मुळाच्या खाली, गालाकडे, जिभेकडे, की दोन मुळांच्या मध्ये. जिभेकडचा कॅनल मला सगळ्यात जास्त सावध करतो. तिथे नस मूळ आणि जिभेकडची कठीण भिंत यांच्या कात्रीत सापडते, आणि दाढ हलवताना दाब थेट तिच्यावर येतो. दुसऱ्या फेरीत भिंत: कॅनलभोवती पांढरी कडा पूर्ण आहे का, आणि तुटली असेल तर किती छेदांत. छेद मिलिमीटरचे असतील तर चार छेदांत तुटलेली कड म्हणजे सुमारे चार मिलिमीटरचा संपर्क. तिसऱ्या फेरीत आकार. कॅनल गोल किंवा लंबगोल असेल तर नसेला जागा आहे. तो मध्येच चिमटलेला, डंबेलसारखा दिसला तर मुळानं नसेला दाबलंय. या आकाराला मी भिंतीइतकंच महत्त्व देतो.

एक सावधगिरी मात्र हवीच. व्हॉक्सेलपेक्षा पातळ भिंत सीबीसीटीत दिसतच नाही. म्हणून ‘भिंत दिसत नाही’ असं लिहा, ‘भिंत नाही’ असं नको. आणि सीबीसीटीत कॅनल दिसतो, नस दिसत नाही. जिभेची नस तर कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. ती हाडाबाहेर, जिभेकडच्या भिंतीला लागून जाते, आणि काही जणांत अक्कलदाढेमागे अगदी हिरडीखालीच असते. तिला वाचवायचं ते चीर गालाकडे ठेवून आणि जिभेकडच्या भिंतीबाहेर ड्रिल न नेऊन.

दोन केसेस शेजारी ठेवल्या की हे सगळं स्पष्ट होईल. पहिली: ओपीजीवर मूळ काळवंडलेलं, रेघ तुटलेली, पाहताच धडकी भरावी अशी फिल्म. सीबीसीटीत कॅनल गालाकडे, गोल, मध्ये हाडाची चांगली जाड पट्टी. काळेपणा जिभेकडची भिंत पातळ झाल्यानं आला होता. दाढ तुकडे करून सरळ निघाली. दुसरी: ओपीजीवर फक्त कॅनल किंचित अरुंद. सीबीसीटीत तो जिभेकडे, डंबेलसारखा चिमटलेला, पाच छेदांत कड गायब, आणि मुळाचं टोक आकड्यासारखं त्याच्या खाली वळलेलं. ही दाढ पूर्ण ओढली असती तर तो आकडा नसेतूनच वर आला असता.

मग काय करायचं

दुसऱ्या केससारखी परिस्थिती असेल तर कोरोनेक्टॉमीचा विचार करा, म्हणजे दाढेचं डोकं काढायचं आणि मुळं जागेवरच ठेवायची. मुळं हाडाच्या कडेपासून सुमारे तीन मिलिमीटर खाली राहतील इतकी कापायची, आणि इनॅमलचा, म्हणजे दाढेवरच्या कठीण आवरणाचा, एकही तुकडा मागे ठेवायचा नाही. दाढेची कीड आतपर्यंत गेली असेल, मुळांशी संसर्ग असेल, दाढ हलत असेल, तर हा मार्ग नाही. कॅनलच्या अगदी वर आडवी पडलेली दाढ असेल तर कापतानाच नसेला धोका असतो, तिथेही नाही. पेशंटला आधीच सांगून संमती घ्या की कापताना मुळं हलली तर तीही काढावी लागतील. दाढ पूर्णच काढायची असेल तर कॅनलच्या बाजूचा विचार करून तुकडे पाडा: टेकू आणि जोर असा द्या की मूळ नसेपासून दूर फिरेल, तिच्यावर दाबलं जाणार नाही. आणि दाढ तातडीनं काढणं गरजेचं नसेल तर ‘थांबूया, लक्ष ठेवूया’ हाही पूर्ण इलाज आहे. तो पेशंटपुढे बरोबरीनं ठेवा.

पेशंटशी बोलताना स्क्रीन त्याच्याकडे वळवा. तो चिमटलेला कॅनल बोटानं दाखवा, आणि ओठ बधिर होणं म्हणजे रोजच्या जगण्यात काय, ते सांगा. संमतीपत्रावरच्या सहीपेक्षा ही पाच मिनिटं जास्त मोलाची.

शस्त्रक्रियेनंतर भुलीचा असर साधारण दोन ते चार तासांत ओसरतो. त्याच दिवशी संध्याकाळी स्वतः फोन करा. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर पेशंटला लगेच बोलवा. कापसाच्या टोकानं आणि बोथट सुईनं बधिर भागाची हद्द काढा, ती चेहऱ्याच्या आकृतीवर आखा आणि तारीख घाला. मुळाचा किंवा हाडाचा तुकडा कॅनलमध्ये ढकलला गेल्याची शंका असेल तर तेव्हाच फिल्म काढा, कारण असा तुकडा लवकर काढला तरच नसेला खरी संधी मिळते. कोरोनेक्टॉमी केली असेल तर मागे ठेवलेली मुळं पुढच्या काही महिन्यांत कॅनलपासून वर सरकताना दिसतात. लगेच काढलेली फिल्म आणि सहा महिन्यांनंतरची फिल्म शेजारीशेजारी ठेवून ते अंतर मोजा. मुळं हिरडीपर्यंत वर आली आणि त्रास देऊ लागली तर ती तेव्हा काढता येतात, आणि तोवर ती नसेपासून दूर गेलेली असतात.